कान बरा झाला, की नुसता दुखायचा थांबला?

दिवाळी सरली की मला फोन यायला लागतात. बहुतेक ओळखीतले, कधी मैत्रिणीच्या भावाचा मित्र. मालवणचं नाहीतर अंदमानचं बुकिंग झालेलं असतं, पैसे भरलेले असतात, आणि पंधरा दिवसांपूर्वी कान ठणकून गेलेला असतो. "आता काही दुखत नाही. गोळ्याही संपल्या. परवा पाण्यात उतरलं तर चालेल ना?"

मी डॉक्टर नाही. बारा वर्षं डायव्हिंग करते आहे आणि एका कानाने मला चांगलं दोन महिने किनाऱ्यावर बसवून ठेवलेलं आहे. त्यामुळे या प्रश्नाला फोनवर हो म्हणायची माझी हिंमत होत नाही. "कान दुखत होता" एवढ्यावरून कानात काय झालं होतं ते कळत नाही. बाहेरच्या नळीची कातडी सुजली असेल तर हिशेब आठ-पंधरा दिवसांचा असतो. पडद्यामागे पू किंवा पाणी साचलं असेल तर तो आठवड्यांवर जातो. पडद्यालाच भोक पडलं असेल तर महिने लागतात. तिन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. दुखणं आधी थांबतं आणि कान मागाहून बरा होतो. या दोहोंच्या मधले जे दिवस असतात, त्याच दिवसांत माणसं समुद्रात उतरतात आणि कान गमावून बसतात.

हे नीट कळायचं असेल तर थोडं कानात शिरावं लागेल. बाहेरून दिसणारी नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या टोकाला पडदा. तो कागदाएवढा, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. पडद्यामागे हवा भरलेली छोटी पोकळी म्हणजे मधला कान. या पोकळीला एकच खिडकी आहे. तिथून एक नळी निघते ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला उघडते. ती युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की क्षणभर उघडते आणि बाहेरचा दाब आतल्या हवेला मिळतो.

हे सगळं तुम्ही अनुभवलेलं आहे. कोल्हापूरहून कोकणात उतरताना घाटात कानाला दडे बसतात, मग कुणीतरी चिंचेची गोळी काढतं, आवंढा गिळला की टुक् असा आवाज होतो आणि गाडीतली गाणी पुन्हा स्वच्छ ऐकू येतात. साधारण सहाशे मीटरचा घाट उतरताना हवेच्या दाबात जो फरक पडतो, तो पाण्यात पाऊण मीटर खाली जाण्याएवढा असतो. विमान उतरताना लहान मुलं कळवळून रडतात, तो फरक अडीच मीटर पाण्याएवढा. मालवणला किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना नेतात तिथे खोली सहज पाच-सात मीटर असते. म्हणजे जो कान घाटात मोकळा होत नाही, त्याच्याकडून आपण त्याच दिवशी घाटाच्या आठपट काम मागतो.

मी हा घाट कानाची पहिली परीक्षा म्हणून वापरते. आजारपणानंतरच्या प्रवासात घाट उतरून खाली आल्यावर दोन्ही कान सारखेच मोकळे आहेत का ते पाहते. एक जरी दडपलेला राहिला, तरी दुसऱ्या दिवशीची बोट माझ्यापुरती रद्द. उलट, घाटात कान मोकळे झाले म्हणजे समुद्राची परवानगी मिळाली असं मात्र समजू नका. ही परीक्षा नापास करू शकते, पास करायचा अधिकार तिला नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही, ती म्हणजे उथळ पाणी कानाला जास्त छळतं. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि बंद पोकळीतली हवा आकसून निम्मी होते. पुढच्या दहा मीटरांत ती निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे बदल कितीतरी कमी. सगळा कहर पहिल्या काही मीटरांतच होतो. त्यातही, कान मोकळा न करता सव्वा-दीड मीटर खाली गेलात तर दाबाने युस्टेशियन नळीचं तोंडच घट्ट मिटतं. मग कितीही जोर लावा, ते उघडत नाही. म्हणून "आम्ही काय, वरच्यावरच जाणार" हे कारण आजारी कानाला लागू पडत नाही.

माझी गोष्ट अशी. डिसेंबर होता. सर्दी होऊन आठ दिवस झाले होते आणि मी स्वतःला बरी समजत होते. नाकात औषधाचे दोन थेंब टाकले आणि उतरले. चार मीटरवर डावा कान अडला. सोबतचे पुढे गेले होते, मला मागे राहायचं नव्हतं. नाक दाबून जोरात फुंकलं. काहीतरी कळ गेली, कान उघडल्यासारखा वाटला आणि मी चाळीस मिनिटं मासे पाहिले. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्ताचा ठिपका होता. तिसऱ्या दिवशी कान ठणकायला लागला. घराजवळच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि कोर्स संपला की जायला हरकत नाही असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ठणका गेला. पंधराव्या दिवशी मी पुन्हा पाण्यात होते, आणि दोन मीटरच्या खाली जाऊ शकत नव्हते. आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे ऐकू यायचे, मान वाकवली की कानात काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. मग मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीने पाहिलं, कानात रबरी टोक बसवून पडदा किती हलतो त्याचा आलेख काढला. आलेखाची रेघ सपाट आली. पडद्यामागे अजून पाणी होतं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, आणि कान मुळीच बरा झालेला नव्हता. ते पाणी ओसरून आलेखाला शिखर दिसायला पुढे आणखी पाच आठवडे लागले.

तेव्हापासून मी "दुखतंय का" हा प्रश्न शेवटी विचारते. आधी विचारते ते हे: कानाची नळी कोरडी आणि निरोगी आहे का, पडदा अखंड आहे का, आणि युस्टेशियन नळी सहज उघडते का. यातले पहिले दोन तुम्हाला आरशात दिसत नाहीत. ते तपासणाराच सांगू शकतो.

नळीचं दुखणं

आधी बाहेरच्या नळीचा संसर्ग घेऊ, कारण पाण्यात वावरणाऱ्यांना तोच सर्वाधिक होतो. ओळखण्याची साधी खूण आहे. कानाच्या भोकापुढे जो छोटा कूर्चेचा उंचवटा असतो तो बोटाने दाबा, किंवा कान हळूच वर-मागे ओढा. जीव कळवळला तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीचं. मधल्या कानाचं दुखणं असं ओढल्याने वाढत नाही. ते आतून ठणकतं आणि सहसा सर्दीच्या पाठोपाठ येतं.

नळीच्या कातडीवर मळाचा पातळ थर असतो. आपण त्याला घाण समजतो, पण तो चिकट आणि किंचित आंबट असतो, पाणी अडवतो, जंतूंना वाढू देत नाही. दिवसाला दोन-तीन डाइव्ह, सारखं खारं पाणी, दमट हवा यांनी तो थर धुऊन जातो, कातडी भिजून मऊ पडते. मग कान खाजतो म्हणून कुणी काडी घालतं, कुणी गाडीची किल्ली, कुणी केसांची पिन. तेवढ्याशा ओरखड्यातून स्यूडोमोनाससारखे जंतू आत शिरतात. कापूस लावलेल्या काड्याही यातून सुटत नाहीत. त्या मळ बाहेर काढण्यापेक्षा आत ढकलतात.

यावर डॉक्टर बहुधा सात ते दहा दिवसांचे थेंब देतात. दोन-तीन दिवसांत ठणका उतरतो आणि तिथेच बहुतेक जण बाटली कपाटात ठेवतात. ती पूर्ण करा. थेंब टाकण्याआधी बाटली मुठीत धरून कोमट करा, कारण गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर पाच मिनिटं पडून राहा. तोवर आंघोळीला जाताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात ठेवा, म्हणजे पाणी जाणार नाही. औषध संपलं, स्राव थांबला, कान ओढून दुखत नाही, ऐकू नीट येतंय आणि डॉक्टरांनी आत पाहून सूज उतरल्याचं सांगितलं, की समुद्रात जायला हरकत नसते. याला सहसा एक ते दोन आठवडे लागतात. नळी इतकी सुजली होती की डॉक्टरांना आत औषधाची वात घालावी लागली, तर त्याहून जास्त धरा.

आपल्याकडच्या हवेत बुरशीचं प्रमाणही बरंच आहे. तिच्यात दुखण्यापेक्षा खाज जास्त, कान भरल्यासारखा वाटतो, कधी ओल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढरट किंवा काळसर ठिपक्यांचा मळ निघतो. ती डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते आणि औषध काही आठवडे चालतं. अर्धवट सोडली तर परत येते. इथे एक चूक घरोघरी होते: मागच्या वेळचे उरलेले थेंब पुन्हा टाकणे. त्यात जंतुनाशक आणि स्टेरॉइड असेल तर बुरशी त्यावर अधिकच फोफावते. त्याहून वाईट म्हणजे पडद्याला भोक असेल, तर जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले काही थेंब आतल्या कानापर्यंत पोचून ऐकण्याला इजा करू शकतात. औषधाच्या दुकानात जाऊन "कानासाठी काहीतरी द्या" म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

कोमट तेल, लसूण घालून कढवलेलं तेल, तुळशीचा रस यांबद्दल मला नेहमी विचारतात. आपल्या आज्यांनी ते प्रेमाने घातलं, मला त्याची आठवण आहे. पण सुजलेल्या किंवा भोक पडलेल्या कानात तेल घालू नका. ओलावा आत कोंडतो, बुरशीला घर मिळतं, आणि तपासणाऱ्याला पडदा दिसत नाही.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाहेरच्या नळीचा संसर्ग त्यांच्यात कधीकधी हाडापर्यंत पसरतो. रात्रीची झोप उडवणारा ठणका असेल, थेंबांनी उतार पडत नसेल, तर डायव्हिंगचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठा.

पडद्यामागचं पाणी

मधल्या कानाचा संसर्ग युस्टेशियन नळीच्या वाटेने येतो. सर्दी होते, नळीचं नाकाकडचं तोंड सुजतं, आत हवा जात नाही, पोकळीत पाणी झिरपतं, त्यात जंतू वाढतात. गोळ्यांनी जंतू मरतात. पाणी तिथेच राहतं. लहान मुलांत ते महिना-दोन महिने, कधी तीन महिनेही टिकतं. मोठ्यांतही आठवडे जातात, ते मी स्वतः भोगलं आहे. म्हणून "कोर्स संपला" हा समुद्रासाठीचा निकष नाही.

इथे किती थांबावं याचा एक आकडा सगळ्यांना लागू करता येत नाही. डॉक्टरांनी पडदा पारदर्शक आणि हलता पाहिला पाहिजे, ऐकू पूर्ववत आलं पाहिजे, आणि जमिनीवर तुम्हाला दोन्ही कान सहज मोकळे करता आले पाहिजेत. मी स्वतः मधल्या कानाच्या संसर्गानंतर महिन्याच्या आतला बेत आखतच नाही. साध्या सर्दीतसुद्धा, शेवटची शिंक येऊन गेल्यावर आठवडाभर तरी थांबते. तुम्हाला हा अतिरेक वाटेल. पाण्याखाली एकदा अडकलेल्या कानाचा अनुभव घेतलेल्या कुणालाही तो वाटणार नाही.

जमिनीवरची चाचणी सोपी आहे. नाक चिमटीत धरा आणि आवंढा गिळा. दोन्ही कानांत टुक् ऐकू आलं पाहिजे. मग नाक धरूनच अगदी हलकं फुंकून पाहा, गरम चहावर फुंकर घालतो तेवढ्याच जोराने. या फुंकण्याला व्हॅल्साल्व्हा म्हणतात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कानावर ग्रंथ लिहिणाऱ्या इटालियन वैद्याच्या नावावरून. त्याने ही युक्ती मधल्या कानातला पू बाहेर काढायला सुचवली होती, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाल फुगेपर्यंत फुंकावं लागत असेल, एक कान आधी आणि दुसरा खूप वेळाने उघडत असेल, तर नळी अजून तयार नाही.

नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि थेंब घेऊन उतरणं ही डायव्हरांमधली जुनी खोड. बोटीवर एकमेकांना देतातही. मी तसं करून काय झालं ते वर सांगितलंच. औषधाने सूज काही तास उतरते, तुम्ही खाली जाता, आणि खाली असताना त्याचा असर संपतो. आता पोकळीत वाढलेल्या दाबाची हवा आहे आणि बाहेर पडायची वाट बंद. वर येताना ती फुगते आणि पडद्याला आतून ढकलते. खाली जाताना कान अडला तर निदान वर यायची सोय असते. वर येताना अडला तर टाकीतली हवा संपत असते आणि वर यावंच लागतं. शिवाय हे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे टाकत राहिलात तर नाक उलट जास्तच चोंदतं.

लहानपणी फुटलेला कान

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. आपल्याकडे कितीतरी घरांत एखाद्या मुलाचा "कान फुटलेला" असतो. वर्षानुवर्षं कान वाहतो, मग कधीतरी वाहायचा थांबतो आणि घरचे विसरून जातात. त्या मुलाच्या पडद्याला भोक तसंच राहिलेलं असू शकतं. ते दुखत नाही. ऐकू थोडं कमी येतं, पण माणूस त्याला सरावतो. तो पस्तिशीत मित्रांबरोबर मालवणला जातो, फॉर्मवरच्या सगळ्या प्रश्नांना "नाही" अशी खूण करतो आणि खाली उतरतो.

पडद्याला भोक असलेल्याला पाण्याखाली दाबाचा त्रास जवळजवळ होत नाही, हेच भयंकर आहे. त्याला काहीच अडत नाही. पाणी भोकातून सरळ मधल्या कानात शिरतं. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी कितीही कोमट वाटलं तरी शरीराच्या ३७ अंशांपेक्षा आठ-दहा अंशांनी थंड असतं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांपैकी एका बाजूचीच एकदम गार पडते, तिच्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं, आपण गरगर फिरतो आहोत. रॉबर्ट बारानी या वैद्याने कानात गार आणि गरम पाणी सोडून हाच परिणाम अभ्यासला आणि १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळवलं. तपासणीच्या खोलीत, खुर्चीवर, ती चक्कर निरुपद्रवी असते. समुद्रात वर कुठे, खाली कुठे हेच कळत नाही, उलटी येते, आणि तोंडात रेग्युलेटर असतो. पाणी शरीराच्या उष्णतेने तापलं की मिनिटाभरात चक्कर ओसरते. तेवढं एक मिनिट घाबरून वर झेपावण्यात गेलं तर जीव जाऊ शकतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. लहानपणी तुमचा कान वाहायचा का, हे आईला किंवा मोठ्या बहिणीला एकदा विचारा. हो म्हणाल्या, तर आयुष्यातल्या पहिल्या स्कूबाआधी तज्ज्ञांकडून पडदा पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. भोक असेल तर ते बुजेपर्यंत डायव्हिंग नाही. त्यात तडजोड नाही.

ताजं भोक, म्हणजे संसर्गाने किंवा दाबाने नुकतंच पडलेलं, बहुतेक वेळा आपोआप भरतं. त्याला सहा ते आठ आठवडे धरावेत, आणि भरल्यावरही नवी कातडी पातळ असते म्हणून डॉक्टर आणखी काही काळ थांबवतात. भोक बुजवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर काही महिने, तेही शस्त्रक्रिया करणाऱ्याने लेखी हो म्हटल्यावर. कानामागचं हाड कोरून मोठी पोकळी केलेली शस्त्रक्रिया झालेल्यांना, कानात निचऱ्याची छोटी नळी बसवलेल्यांना आणि चक्कर येण्याचा मेनियर्ससारखा विकार असणाऱ्यांना डायव्हिंग करू नका असंच सांगतात. कानात बोळे घालून भागवता येईल असं काहींना वाटतं. ते तर मुळीच करू नका. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडते, ती मोकळी करायला वाटच नसते.

डॉक्टरांना काय सांगायचं

आपल्या गावातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे डायव्हर रोज येत नाहीत. "समुद्रात पोहायला जाऊ का" असं विचारलंत तर ते वरवर पोहण्याचं समजून हो म्हणतील. स्पष्ट सांगा: पाठीवर टाकी घेऊन दहा मीटर खाली जाणार आहे, तिथे दाब दुप्पट असतो, आणि मला कान मोकळे करता आले पाहिजेत. पडदा हलतो का ते पाहाल का, असं विचारा. मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा कान पाहिला. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म आधीच मागवून घेऊन सोबत न्या. त्यात कानाचे आजार आणि शस्त्रक्रिया यांचे प्रश्न असतात, आणि "हो" आलं की डॉक्टरांची सही लागते. किनाऱ्यावर, ओल्या कपड्यांत, मागे रांग लागलेली असताना तो भरायची वेळ आणू नका. एखाद्या आजाराबद्दल शंका राहिलीच, तर डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था १९८०पासून याच विषयावर काम करते आहे. तिची माहिती तुमच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

आणि बुकिंग करताना तारीख पुढे ढकलता येते का ते विचारून घ्या. वाचायला क्षुल्लक वाटेल, पण मी पाहिलेले निम्मे दुखरे कान भरलेल्या पैशांपायी पाण्यात गेले होते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम असतो. महिनाभर मागेपुढे झाल्याने काही हुकत नाही.

पहिली डाइव्ह

आजारपणानंतरची पहिली डाइव्ह उथळ ठेवा आणि दिवसात एकच. सोबतच्याला बोटीवरच सांगून ठेवा की मी हळू उतरणार आहे. नांगराचा दोर धरून पाय खाली ठेवून उतरा. डोकं खाली करून गेलात तर नळी उघडायला जास्त कष्ट पडतात. पाण्यात शिरण्याआधी बोटीवरच एकदा कान मोकळे करा, मग पृष्ठभागावर, आणि पुढे हाताच्या वितीवितीने उतरत, प्रत्येक अर्ध्या मीटरला. कान दडपल्यासारखा वाटायच्या आधीच मोकळा करायचा असतो. दडपला, तर एक मीटर वर या, आवंढा गिळा, जबडा डावीउजवीकडे हलवा, पुन्हा पाहा. दोन-तीनदा करूनही उघडला नाही तर त्या दिवसापुरतं संपलं. हाताचा पंजा आडवा धरून हलवायचा, कानाकडे बोट दाखवायचं, मग अंगठा वर. ही खूण जगभर सगळ्या डायव्हरांना कळते आणि चांगला इन्स्ट्रक्टर ती पाहून कधीच रागावत नाही. रागावला तर त्याच्याबरोबर पुन्हा जाऊ नका.

जोर लावू नका, हे मी इतक्यांदा का सांगते तर जोराने फुंकल्याने फाटतो तो नेहमी पडदाच असतो असं नाही. आतल्या कानाला पातळ पापुद्र्याची एक गोल खिडकी असते. ती फाटली की ऐकणं कायमचं जाऊ शकतं. डाइव्हनंतर एका कानाने एकदम कमी ऐकू येणं, कानात सतत शीळ वाजणं, खोली फिरत राहणं, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, कानातून रक्त किंवा पाणी येणं, यांपैकी काहीही झालं तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा, विमानात बसू नका, नाक दाबून फुंकू नका, आणि किती खोल, किती वेळ, कितीदा उतरलात ते सांगा. अशीच चक्कर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यानेही येते, आणि तिचा उपचार अगदी वेगळा असतो. तुमच्या आकड्यांवरून डॉक्टरांना दोन्हींतला फरक करता येतो.

वर आल्यावर गोड्या पाण्याने कान बाहेरून धुवा, डोकं एका अंगाला झुकवून कान हलकेच ओढा म्हणजे अडकलेलं पाणी निघतं, मग दुसऱ्या अंगाला. टॉवेलचा कोपरा आत खुपसू नका. लागोपाठ चार-पाच दिवस डाइव्ह करणार असाल आणि पडदा अखंड असल्याची खात्री असेल, तर डॉक्टरांना ॲसिटिक आम्लाच्या सौम्य थेंबांबद्दल विचारा. अमेरिकी नौदलाचे डायव्हर ते सकाळी आणि रात्री वापरतात, प्रत्येक कानात पाच मिनिटं, घड्याळ लावून. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, कारण त्याहून कमी वेळात नळीचा आंबटपणा परत येत नाही. मी बोटीच्या फळीवर कुशीवर पडून ती मोजते. डावा कान आधी.